पाचवी चिमणी

मत्तय आणि लूक या दोन्ही शुभवर्तमानांत येशू चिमण्यांचा भाव सांगतो आणि ते दोन भाव एकमेकांशी जुळत नाहीत. मत्तयात दमडीला दोन चिमण्या मिळतात, लूकमध्ये दोन दमड्यांना पाच. सरळ हिशेबाने दोन दमड्यांना चारच यायला हव्यात. पाचवी वर मिळालेली आहे. जरा जास्त माल घेणाऱ्या गिऱ्हाइकाला विकणाऱ्याने ती फुकट घातलेली आहे. ज्याला मराठी बायबलात दमडी म्हटले आहे ते रोमी राजवटीतले तांब्याचे नाणे होते. तशी सोळा नाणी मिळून एक दीनार व्हायचा आणि एक दीनार ही मजुराची दिवसभराची मजुरी असे. म्हणजे चिमणी मुळातच कवडीमोल, आणि त्यातही ही पाचवी तर हिशेबात धरण्याच्याही लायकीची नाही. लूकच्या शुभवर्तमानात येशू म्हणतो, त्यांतल्या एकीचाही देवाला विसर पडत नाही. आणि लगेच ऐकणाऱ्यांना सांगतो की भिऊ नका, पुष्कळ चिमण्यांपेक्षा तुमचे मोल अधिक आहे.

आत्मा अनमोल आहे हे वाक्य मी लहानपणापासून इतक्या उपदेशांत ऐकले आहे की बरीच वर्षे ते कानांवरून नुसते घसरून जात असे. अनमोल, अमूल्य, सार्वकालिक हे शब्द मोठे असल्यामुळे त्यांना विरोध करावासा कुणालाच वाटत नाही आणि म्हणूनच त्यांचा विचारही फारसा होत नाही. चिमणीच्या या बेरजेने मला थांबवले, कारण तिथे मोल कसे ठरते याविषयी काहीतरी सांगितलेले आहे. पाचव्या चिमणीत पहिल्या चारांपेक्षा काही खास आहे असे येशू म्हणत नाही. तिची पिसे सुंदर आहेत, तिचा स्वर गोड आहे, तिच्या अंतरंगात कधीही न विझणारी ज्योत आहे, यांतले काहीच तो म्हणत नाही. देवाला तिचा विसर पडत नाही, एवढेच तो सांगतो. तिचे मोल तिच्या गुणांत शोधायला गेलो तर हाती काही लागणार नाही, कारण ते तिची आठवण ठेवणाऱ्याच्या ठायी आहे.

मनुष्याच्या आत्म्याविषयी ख्रिस्ती विश्वासाचे म्हणणे याच अंगाने जाते असे मला दिवसेंदिवस अधिक वाटू लागले आहे. पण ते सहजासहजी पचत नाही, कारण आत्म्याचे थोरपण आपण त्याच्या अविनाशीपणात पाहायला शिकलेलो आहोत. आत्मा अजन्मा आहे, शस्त्रे त्याला छेदीत नाहीत, अग्नी त्याला जाळीत नाही, ही शिकवण मराठी वाचकाच्या रक्तात मुरलेली आहे. प्लेटोच्या ग्रीक परंपरेतही देह हा तुरुंग आणि आत्मा हा त्यातला थोर बंदिवान आहे. पवित्र शास्त्राची सुरुवात मात्र निराळी आहे. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देव मातीचा मनुष्य घडवतो, त्याच्या नाकपुड्यांत श्वास फुंकतो, आणि मनुष्य जिवंत प्राणी होतो. वरून आलेला आत्मा मातीच्या मडक्यात येऊन राहिला, असे तिथे लिहिलेले नाही. माती आणि श्वास मिळून जो कोणी उभा राहिला तो सगळाच्या सगळा देवाने घडवलेला आहे. आत्मा देवाचा अंश नाही. तो निर्माण केलेला आहे, त्याला आरंभ आहे, आणि तो टिकून आहे तो टिकवणाऱ्याच्या इच्छेने. म्हणूनच प्रेषितांच्या विश्वासांगीकारात, म्हणजे उपासनेत म्हणायच्या विश्वासाच्या कबुलीत, आत्म्याच्या अमरत्वाचा उल्लेख नाही. तिथे शरीराचे पुनरुत्थान आणि सार्वकालिक जीवन, असे म्हटले आहे.

ऑस्कर कुलमान या नव्या कराराच्या अभ्यासकाने १९५५ साली हार्वर्ड विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानात दोन मृत्यू शेजारी शेजारी ठेवले होते. विषाचा पेला हातात घेऊन सॉक्रेटीस शांतपणे, जवळजवळ प्रसन्नपणे मित्रांशी बोलत राहतो, कारण त्याच्या दृष्टीने मृत्यू हा आत्म्याची सुटका करणारा मित्र आहे. मरणाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेतला येशू कासावीस होतो, शिष्यांना आपल्यासोबत जागे राहण्याची विनवणी करतो, हा प्याला टळो म्हणून प्रार्थना करतो. कुलमानचे सगळेच निष्कर्ष सर्वांना पटले नाहीत. ख्रिस्ती परंपरेतही आत्म्याच्या अमरत्वावर भर देणारे थोर विचारवंत होऊन गेले आहेत आणि मृत्यू व पुनरुत्थान यांच्या मधल्या काळात आत्म्याचे काय होते यावर मतभेद आजही आहेत. पण गेथशेमानेतला तो कासावीस येशू मला नेहमी आश्वासक वाटत आला आहे. मरण ही किरकोळ गोष्ट नाही, देह ही टाकून देण्याची वस्तू नाही आणि माणूस गमावणे म्हणजे खरोखर काहीतरी गमावणे आहे, हे देवाच्या पुत्राने स्वतःच्या घामाने मान्य केले आहे.

मोल म्हटले की भाव आलाच. माणसाचा भाव ठरवण्याची उदाहरणे पवित्र शास्त्रात आहेत आणि ती वाचताना अवघडल्यासारखे होते. लेवीय पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात, नवस करून एखादी व्यक्ती परमेश्वराला वाहिली तर तिच्याऐवजी किती चांदी भरायची याची दरपत्रकासारखी यादी आहे. वीस ते साठ वर्षांच्या पुरुषासाठी ५० शेकेल आणि स्त्रीसाठी ३०. साठीच्या पुढच्या पुरुषासाठी १५ आणि स्त्रीसाठी १०. एक महिना ते पाच वर्षांच्या मुलासाठी ५ आणि मुलीसाठी ३. हे दर काम करण्याच्या ताकदीवर बसवलेले असावेत, असे भाष्यकार सांगतात आणि ते खरेही असेल, पण तीन शेकेलची मुलगी वाचून कुठल्याही बाईच्या मनात जे यायचे ते येतेच. त्याच यादीच्या शेवटी मात्र एक मोकळी जागा ठेवलेली आहे. नवस करणारा इतका गरीब असेल की त्याला ठरलेली रक्कम झेपत नाही, तर याजकाने त्याच्या ऐपतीप्रमाणे ती ठरवावी.

निर्गमच्या तिसाव्या अध्यायात याच्या अगदी उलट्या दिशेने जाणारा नियम आहे. लोकांची शिरगणती होईल तेव्हा वीस वर्षांच्या वरच्या प्रत्येकाने आपल्या जिवाबद्दल अर्धा शेकेल द्यावा. श्रीमंताने त्याहून अधिक देऊ नये आणि गरिबाने कमी देऊ नये. या नियमातला पहिला भाग मला दुसऱ्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. गरिबाला सवलत देणे हा दयेचा भाग झाला आणि तो इतरत्र आहेच. पण श्रीमंताला जास्त देण्याची मनाई करणे ही वेगळीच गोष्ट आहे. इथे त्याला त्याची श्रीमंती मिरवताच येत नाही. इतर सगळ्या अर्पणांत मोठा बैल आणि लहान कबुतर असा फरक चालतो. जिवाचा प्रश्न आला की फरक बंद. एकोणपन्नासावे स्तोत्र तर पुढे जाऊन म्हणते की कोणीही आपल्या भावाचा जीव पैसे भरून सोडवू शकत नाही, जिवाची खंडणी इतकी मोठी आहे की तो नाद सोडूनच द्यावा. मनुष्याने सगळे जग मिळवले आणि आपला जीव गमावला तर त्याला काय लाभ, आणि आपल्या जिवाचा मोबदला म्हणून मनुष्य काय देणार, हा येशूचा प्रश्न या स्तोत्राच्याच वाटेने आलेला आहे.

आणि तरीही एक आकडा उरतोच. निर्गमच्या एकविसाव्या अध्यायात, एखाद्याच्या मारक्या बैलाने दुसऱ्याच्या दासाला किंवा दासीला शिंगाने मारले तर बैलाच्या मालकाने दासाच्या धन्याला तीस शेकेल चांदी भरून द्यावी, असा कायदा आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूला धरून देण्यासाठी मुख्य याजक त्याचाच शिष्य यहूदा इस्कर्योत याला चांदीची नाणी मोजून देतात तीही तीसच. मत्तय लिहितो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर प्रत्यक्ष जखऱ्या संदेष्ट्याचा उतारा आहे, पण त्या उताऱ्यातले तीस आणि मेलेल्या गुलामाची भरपाई यांचे नाते शास्त्र जाणणाऱ्या वाचकाच्या नजरेतून सुटणारे नव्हते. ज्याच्याद्वारे सर्व काही झाले असे ख्रिस्ती विश्वास म्हणतो, त्याचा बाजारभाव एका गुलामाइतका निघाला. पेत्राच्या पहिल्या पत्रात पुढे लिहिले आहे की तुमची सुटका सोने किंवा रुपे अशा नाशवंत वस्तूंनी झालेली नसून ख्रिस्ताच्या मोलवान रक्ताने झाली आहे. ही दोन्ही वचने मी एकत्र वाचते तेव्हा मला त्यात एक उलटापालट दिसते. माणसांनी देवाची किंमत गुलामाएवढी ठरवली आणि देवाने गुलामाची किंमत स्वतःएवढी ठरवली. ख्रिस्ती माणूस आत्म्याच्या सार्वकालिक मोलाविषयी बोलतो तेव्हा त्याच्या बोलण्याला आधार या दुसऱ्या ठरवण्याचा आहे. आत्म्याचे रासायनिक पृथक्करण करून ते मोल कधीच सापडणार नाही.

हा विचार शेवटपर्यंत नेण्याचे धैर्य फार थोड्यांनी दाखवले. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात, आजच्या तुर्कस्तानातल्या कप्पदुकिया प्रांतात, नीस्साचा बिशप ग्रेगरी जुन्या करारातल्या उपदेशक नावाच्या पुस्तकावर प्रवचने देत होता. त्या पुस्तकात सुखांची यादी देताना राजा म्हणतो की मी दास आणि दासी विकत घेतल्या. त्या काळचा श्रोता हे वाक्य ऐकून जांभई देऊन पुढे गेला असता. ग्रेगरी तिथेच अडून बसतो. तू विकत घेतलेस म्हणतोस, पण मला सांग, काय भावाने घेतलेस? देवाच्या प्रतिमेला तू किती नाणी मोजलीस? बुद्धीला काय किंमत लावलीस? सगळे जगसुद्धा एका जिवाच्या मोलाचे नाही, हे वचन तो धन्यासमोर ठेवतो आणि मग बाजाराच्याच भाषेत त्याला कोंडीत पकडतो. देवाने मनुष्याला सगळ्या पृथ्वीवर अधिकार दिला आहे, म्हणजे मनुष्य विक्रीला उभा राहतो तेव्हा पृथ्वीचा मालकच लिलावात उभा असतो; मग त्याच्यासोबत पृथ्वी, समुद्र, बेटे आणि त्यांवरचे सगळे तू विकत घेतलेस काय? त्याची किंमत कुठून आणलीस? एक कागदाचा तुकडा, त्यावर लिहिलेला करार आणि मोजलेली नाणी, एवढ्यावर तू देवाच्या प्रतिमेचा धनी झालास असे तुला वाटले? धनी आणि दास एकच हवा श्वासात घेतात, एकच सूर्य पाहतात, आणि मेल्यावर दोघांची सारखीच माती होते, असेही तो सुनावतो.

गुलामगिरीवर, केवळ गुलामांना क्रूरपणे वागवण्यावर नव्हे, इतका थेट हल्ला प्राचीन काळातून आपल्यापर्यंत क्वचितच पोहोचला आहे. ग्रेगरीला हे कुठून सुचले याचा एक धागा त्याच्या घरात सापडतो. त्याची थोरली बहीण माक्रिना हिने आपल्या आईचे मन वळवून घरातल्या दासींबरोबर एकाच पंगतीला, एकाच दर्जाने राहायला सुरुवात केली होती, असे त्यानेच तिच्या चरित्रात लिहिले आहे. ३७९ साली ती मरणशय्येवर असताना आत्मा आणि पुनरुत्थान यांविषयी तिच्याशी झालेला संवादही त्याने लिहून ठेवला, आणि त्यात गुरू ती आहे, शंका काढणारा शिष्य तो आहे. आत्म्याच्या मोलाची शिकवण आधी दासींच्या शेजारी बसून जगली गेली आणि मग प्रवचनात उतरली, असा माझा कयास आहे.

ग्रेगरीचे प्रवचन मात्र प्रवचनच राहिले. त्याच्या आधीही आणि नंतरही बिशपांनी, मठांनी, भाविक कुटुंबांनी गुलाम बाळगले, आणि हे करताना आत्मा अनमोल आहे हे त्यांनी नाकारले नाही. दुखणे नेमके तिथेच आहे. १६६७ साली व्हर्जिनिया वसाहतीच्या विधिमंडळाने एक कायदा केला. बाप्तिस्मा घेतल्याने कोणाही व्यक्तीच्या दास्याच्या किंवा स्वातंत्र्याच्या स्थितीत फरक पडणार नाही, असे त्यात म्हटले होते. आणि धन्यांच्या मनातली ही शंका फिटली की ते आपल्या गुलामांमध्ये ख्रिस्ती धर्माचा प्रसार अधिक मनापासून करतील, अशी आशाही त्यातच व्यक्त केली होती. आत्मा देवाला आणि देह धन्याला, अशी ती वाटणी होती. बार्बाडोस बेटावरचे कॉड्रिंग्टन नावाचे उसाचे मळे १७१० साली मृत्युपत्राने इंग्लंडच्या चर्चमधील एका सुवार्ताप्रसारक संस्थेकडे आले, आणि तिथल्या गुलामांच्या छातीवर काही वर्षे 'सोसायटी' हा शब्द तापलेल्या लोखंडाने उमटवला जात होता. सुवार्ता सांगणारी तीच संस्था आणि डाग देणारीही तीच. ब्रिटिश संसदेने १८३३ साली गुलामगिरी रद्द करताना दोन कोटी पौंडांची भरपाई मंजूर केली ती मालकांना. ज्यांचे आयुष्य लुटले गेले होते त्यांना एक पैही मिळाली नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये इंग्लंडच्या चर्चच्या महासभेने या इतिहासाबद्दल माफी मागण्याचा ठराव केला.

हे मी केवळ कबुलीजबाबाच्या सुरात लिहीत नाही. मला यातली विचाराची चूक कुठे आहे ते पाहायचे आहे, कारण ती चूक अजून जिवंत आहे. आत्मा अनमोल मानायचा आणि त्या आत्म्याचा देह, त्याची मजुरी, त्याची झोप, त्याची लेकरे ही दुय्यम मानायची, हे करताना माणसाला आपण फार आध्यात्मिक आहोत असेच वाटत राहते. पण मातीत श्वास फुंकला गेला त्या क्षणी जो उभा राहिला त्याचे असे दोन भाग देवाने कधी केलेच नव्हते. देवाने देह धारण केला असे मानणाऱ्या, आणि देहाचे पुनरुत्थान दर रविवारी कबूल करणाऱ्या मंडळीने देह धन्याच्या नावावर लावून द्यावा, ही तिच्या स्वतःच्या विश्वासाशी केलेली गद्दारी होती. ज्याच्या आत्म्याची काळजी आहे असे आपण म्हणतो त्याच्या पाठीवरचे वळ आपल्याला दिसत नसतील, तर आपण त्याच्या आत्म्याचीही काळजी करीत नाही असे खुशाल समजावे. याकोबाचे पत्र याहून सोप्या शब्दांत हेच सांगते: भाऊ किंवा बहीण उघडी आणि उपाशी असताना, सुखाने जा, ऊब घ्या, तृप्त व्हा, असे नुसते म्हणून काय उपयोग?

आत्म्यांची संख्या मोजण्याची सवयही मला याच जातीची वाटते. किती आत्मे जिंकले, अमक्या सभेत किती आत्मे वाचले, असे अहवाल लिहिणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो, हे मी जाणते. पण लूकच्या पंधराव्या अध्यायात संख्या नेहमी उलट्या बाजूने काम करते. नव्व्याण्णव मेंढरे रानात ठेवून एकाच्या मागे जाणारा मेंढपाळ अहवालात नापास होईल. दहापैकी एक नाणे हरवलेली बाई दिवा लावून, घर झाडून, कानाकोपरा पालथा घालते आणि सापडल्यावर शेजारणींना बोलावते. त्या नाण्याकडे नीट पाहिले पाहिजे. अंधारात, केराखाली पडून असताना त्याच्यावरचा ठसा पुसला गेलेला नसतो आणि त्याची किंमतही उतरलेली नसते. ज्या वस्तूची कुणाला गरज नाही ती कुठेही पडली तरी तिला कोणी हरवलेली म्हणत नाही. पाप, नाश, तारण हे सगळे जड शब्द ख्रिस्ती शिकवणीत आहेत आणि ते गाळून टाकावेत असे मी म्हणणार नाही. माणूस खरोखर नाश पावू शकतो, जीव गमावू शकतो, हे येशूनेच सांगितले आहे. पण नाशाचा धोका आहे म्हणून माणसाचे मोल कमी होत नाही. तो धोका इतका गंभीर वाटतो तो त्या मोलामुळेच.

विसाव्या शतकात हाच प्रश्न वेगळ्या हिशेबवहीत उघडला गेला. १९३०च्या दशकात जर्मनीतल्या शालेय गणिताच्या पुस्तकांत अशी उदाहरणे घातली होती की मनोरुग्णांच्या आणि अपंगांच्या देखभालीवर राज्याचा किती खर्च होतो, आणि त्या पैशांत निरोगी कुटुंबांसाठी किती घरे बांधता आली असती. मुलांनी ती वहीत सोडवायची होती. दशक संपता संपता उत्तर अमलात आणायला सुरुवात झाली. ऑगस्ट १९४१ पर्यंत सत्तर हजारांहून अधिक रुग्णांना ठार करण्यात आले. त्याच ऑगस्टच्या ३ तारखेला म्युन्स्टरचे बिशप क्लेमेन्स फॉन गालेन यांनी व्यासपीठावरून हे उघडपणे सांगितले. त्यांचा युक्तिवाद साधा होता. निकामी झालेले यंत्र आपण मोडीत काढतो, लंगडे झालेले घोडे मारतो. पण ही माणसे आहेत, आपले भाऊबहिणी आहेत. जो काही उत्पन्न करतो त्यालाच जगण्याचा हक्क आहे असे एकदा मानले, तर आपण सगळे म्हातारे आणि दुबळे होऊ तेव्हा आपले काय? त्या प्रवचनाच्या प्रती हातोहात पसरल्या. त्या वाटणाऱ्या ल्युबेकमधल्या तीन कॅथलिक धर्मगुरूंना आणि एका लुथरन पाळकाला पकडले गेले आणि १९४३ साली त्यांचा शिरच्छेद झाला. ऑगस्ट १९४१ च्या अखेरीस ती मोहीम अधिकृतपणे थांबवली गेली, पण उपासमार आणि औषधांच्या मार्गाने हत्या चालूच राहिल्या. आणि गालेन यांनी ज्यू शेजाऱ्यांसाठी तितक्याच स्पष्टपणे तोंड उघडले नाही, हेही सांगायलाच हवे.

आज ती वही कुणी इतक्या उघडपणे शाळेत नेत नाही. पण उपयोग संपला की माणसाविषयी बोलण्याचा आपला सूर कसा बदलतो, हे प्रत्येकाने आपल्या घरात पाहिले असेल. माझ्या ओळखीच्या एका वृद्ध बाईंची स्मृती हळूहळू पूर्ण गेली. आधी नावे गेली, मग चेहरे, शेवटी भाषा. त्यांच्या देखभालीला येणारी बाई एकदा त्यांची नखे कापत होती आणि मी समोर बसले होते. प्रत्येक बोट हातात घेण्याआधी ती सांगायची, "आजी, आता करंगळी घेते हं," आणि मग उत्तरासाठी क्षणभर थांबायची. उत्तर येणार नव्हते हे तिला माहीत होते. तरी दहाही बोटांना ती थांबली. नख खोल गेले असे वाटले तेव्हा तिने "दुखलं का हो?" असेही विचारले. तिचा धर्म कोणता हे मला ठाऊक नाही आणि मी विचारलेही नाही. आत्मा म्हणजे बुद्धी, आत्मा म्हणजे स्मृती, आत्मा म्हणजे आत्मभान, अशा ज्या व्याख्या मी आवडीने वाचल्या होत्या, त्यांपैकी एकीनेही त्या आजींचे मोल शाबूत राहत नव्हते. बुद्धीत देवाची प्रतिमा पाहण्याची थोर परंपरा ख्रिस्ती विचारात आहे, ग्रेगरीही तीच बोलतो, पण त्या खोलीत ती तोकडी पडली. यशयाच्या एकोणपन्नासाव्या अध्यायात देव म्हणतो की आई एक वेळ आपल्या तान्ह्या लेकराला विसरेल, पण मी तुला विसरणार नाही, मी तुला आपल्या तळहातांवर कोरून ठेवले आहे. आजींना देवाची आठवण राहिली होती की नाही, हे कुणाला सांगता आले असते? त्यांचे मोल त्यांच्या आठवणीवर टांगलेले नव्हते, एवढे मात्र या वचनाच्या आधारे म्हणता येते.

दुबळ्यांविषयी हे बोलणे त्या मानाने सोपे आहे, कारण त्यांच्याविषयी आपल्याला दया येते. दुष्टांविषयी बोलताना जीभ अडखळते. उत्पत्तीच्या नवव्या अध्यायात मनुष्याचा रक्तपात करू नये याचे कारण मनुष्य देवाच्या प्रतिमेचा आहे असे दिले आहे, आणि तिथे चांगला मनुष्य असा शब्द नाही. काइनाने भावाचा खून केल्यावर देव त्याला शिक्षा करतो, हाकलून देतो, आणि त्याच वेळी कोणी त्याला मारू नये म्हणून त्याच्यावर खूणही ठेवतो. शिक्षा आणि राखण एकाच हाताने होते. ज्याने आपले किंवा आपल्या माणसांचे नुकसान केले त्याच्या आत्म्याचे मोल माझ्या आत्म्याइतकेच आहे, हे मला डोक्याने कळते. मनाने ते मानायला मला अजून प्रार्थनेतच भांडावे लागते, आणि कित्येकदा ते भांडण अर्धवटच सुटते.

यहूदाचे कोडे इथे पुन्हा समोर येते. त्या मनुष्याचा जन्म झाला नसता तर बरे झाले असते, असे येशू त्याच्याविषयी म्हणाल्याचे शुभवर्तमानात आहे, आणि ते वाक्य सौम्य करण्याचा प्रयत्न मी करणार नाही. पण त्याच रात्री, योहानाच्या वृत्तान्तानुसार, येशू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो, आणि यहूदा तेव्हा अजून बाहेर गेलेला नाही. येशूला सर्व माहीत होते हे योहान आवर्जून सांगतो. तरीही यहूदाचे पाय घाईघाईने धुतले किंवा वगळले असे तो कुठेच लिहीत नाही. बागेत यहूदा शिपायांना घेऊन आला, मुका घेतला, तेव्हाही मत्तयाच्या सांगण्याप्रमाणे येशूने त्याला मित्रा म्हणूनच हाक मारली. याजकांनी त्याच्या हातावर तीस नाणी ठेवली होती, ती त्याने पुढे मंदिरात फेकून दिली. त्यानंतरच्या त्याच्या आत्म्याविषयी मतमतांतरे पुष्कळ आहेत. कॅथलिक मंडळीने शतकानुशतके कितीतरी नावे संतांच्या यादीत घातली, पण अमुक एक मनुष्य नरकात आहे असे कुणाचेही नाव घेऊन, यहूदाचेही, अधिकृतपणे कधी जाहीर केले नाही. मी कॅथलिक नाही, तरी या बाबतीत तिच्या मौनाशी मी सहमत आहे.